नळी फुटण्याआधी

ऊर्जानगरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठं. इथला एखादा संच ओव्हरहॉलसाठी बंद झाला की बॉयलरच्या पोटात मचाण चढतं आणि नळ्यांची जाडी मोजणारी माणसं आत शिरतात.

आपल्या कोळशात राख फार. तिच्यातले गारगोटीसारखे कठीण कण धुराबरोबर वेगाने जाताना इकॉनॉमायझरच्या, म्हणजे बॉयलरचं पाणी आधी तापवणाऱ्या भागाच्या, नळ्या बाहेरून झिजवत राहतात. नळी पातळ झाली की आतल्या दाबाने फुटते, सुटलेला झोत शेजारच्या नळ्याही कापतो आणि पाचशे मेगावॉटचा संच बंद ठेवावा लागतो.

नळी न कापता तिची जाडी कळते ती ध्वनिलहरींमुळे. बोटाएवढ्या प्रोबमध्ये दोन स्फटिक असतात. विजेचा झटका मिळताच पहिला थरथरतो आणि कानाला न ऐकू येणारी लहर पोलादात सोडते. ती आतल्या कडेवर आपटून परतते, दुसरा स्फटिक ती टिपतो. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर. पाच मिलिमीटरच्या भिंतीतून जाऊन यायला सेकंदाचा दोन दशलक्षांश भागही लागत नाही. तेवढ्या वेळावरून मीटर जाडी दाखवतो.

मला मात्र मीटरपेक्षा घासणाऱ्या हातांचं मोल जास्त वाटलं. गंज आणि राखेचा थर निघाल्याशिवाय प्रोब टेकवायचाच नाही. मग जेलचा ठिपका, कारण मध्ये हवा राहिली तर लहर पोलादात शिरतच नाही. नळी गोल, म्हणून प्रोब सरळ धरावा लागतो; जरा कलला की आकडा डळमळतो. धातू गरम असेल तर ध्वनी मंदावतो आणि नळी आहे त्याहून जाड दिसते. ही चूक घातक, कारण पातळ नळी चांगली ठरून तशीच राहते. ‘चार पॉइंट दोन’ असा पुकारा होतो, खाली एक जण लिहून घेतो, नळीवर खडूची खूण पडते. मागच्या ओव्हरहॉलच्या आकड्याशी ताडून कोणती नळी बदलायची ते ठरतं.

चालू बॉयलरचा आवाज ऐकणारे सेन्सरही असतात. भट्टीच्या गडगडाटातून गळत्या वाफेची फुसफुस ते वेगळी काढतात. राख उडवणाऱ्या सूटब्लोअरची वाफ मात्र त्यांना चकवू शकते. त्यांचा उपयोग मोठा आहे, शेजारच्या नळ्या वाचतात. पण ते बोलतात तेव्हा एक नळी गेलेली असते. म्हणून ओव्हरहॉलचे दिवस कमी करायची वेळ आली, तरी नळ्या घासण्या-मोजण्याच्या पाळ्यांना कात्री लावू नये.