विजेच्या मोटारीचा जमाखर्च

छत्रपती संभाजीनगरच्या व्यावसायिकांनी २०१० साली एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या, तेव्हा देशभर चर्चा झाली. त्याच शहरातील उद्योजकांनी २०२२ मध्ये विजेच्या मोटारी सामूहिकरीत्या घेण्याची मोहीम हाती घेतली. देवगाव रंगारीसारख्या गावातील कुटुंबानेही हा मार्ग धरावा काय, याचे उत्तर जमाखर्च मांडल्याशिवाय मिळत नाही.

एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला १६ किलोमीटर चालणारी छोटी मोटार शंभर किलोमीटरला साडेचौदा किलो वायू सोडते. तेलाचे उत्खनन, शुद्धीकरण व वाहतूक मिळवली, तर हा आकडा सतराच्या आसपास जातो.

विजेच्या मोटारीला धुराडे नाही. तथापि तिचा धूर परळीसारख्या औष्णिक केंद्रात निघतो. देशातील विजेच्या एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो वायू निघतो. शंभर किलोमीटरला १५ युनिट लागली, तर वहनातील गळती धरून हा भार सुमारे १२ किलो होतो. म्हणजे शंभर किलोमीटरमागे बचत पाच किलोची.

परंतु खात्याच्या आरंभीच एक कर्ज आहे. ३० युनिट क्षमतेची बॅटरी घडवताना साधारण दोन ते तीन टन वायू निघतो. तो फिटण्यास चाळीस ते साठ हजार किलोमीटर धावावे लागते. नित्य तालुक्याला व जिल्ह्याला ये-जा करून वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे हे कर्ज तीन-चार वर्षांत फिटते. लग्नकार्य व तीर्थयात्रेपुरतीच मोटार काढून वर्षाला चार हजार किलोमीटर फिरणाऱ्याला दहा ते पंधरा वर्षे लागतील.

छपरावरील सौर संचाने हे चित्र पालटते. २०२४ पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटच्या घरगुती संचास ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. मोटार दिवसा, उन्हाच्या विजेवर भरली, तर तेच कर्ज बारा ते वीस हजार किलोमीटरमध्ये फिटू शकते.

तात्पर्य, पर्यावरणाचे हित केवळ मोटारीच्या जातीवर ठरत नाही. वीज कोठून येते आणि मोटार किती धावते, या दोन नोंदी आधी तपासाव्यात. धावणे अल्प असेल, तर जुनी मोटार नीट राखणे आणि एसटीने जाणे, हाही हिशेबात बसणारा शहाणपणाचा निर्णय ठरतो.