मदतीच्या दारातली रेघ

महागाईचा दर १४.९ टक्के असेल तर देश उत्तीर्ण, १५.१ असेल तर नापास. परदेशी मदतीस कोण पात्र हे ठरवताना अमेरिकी सरकारच्या ‘मिलेनियम चॅलेंज कॉर्पोरेशन’ने अनेक वर्षे ही रेघ पाळली. २००४ साली स्थापन झालेल्या या संस्थेचा हेतू चांगला होता. मर्जीतल्या राष्ट्रांना खिरापत वाटण्याऐवजी कारभार पाहून पैसा द्यायचा. त्यासाठी निर्देशकांची गुणपत्रिका तयार झाली; पुढे त्यांची संख्या वीस झाली. त्यांतल्या निम्म्यांत तरी उत्तीर्ण व्हायचे, आणि भ्रष्टाचार-नियंत्रणात नापास होऊन चालणार नाही. बहुतेक निर्देशकांत उत्तीर्ण होणे म्हणजे आपल्या उत्पन्नगटाच्या मध्यकाच्या वर असणे. गोम इथेच आहे. सगळ्यांनी कारभार सुधारला तरी मध्यकाखाली निम्मे देश राहणारच. शिवाय गरीब गटातला देश थोडा सधन होऊन वरच्या गटात गेला, की त्याची तुलना एकदम वेगळ्या देशांशी होते. स्वतःचे काहीही न बिघडवता तो नापास होऊ शकतो.

लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेले फझी संचांचे गणित नेमके अशा काठांसाठी आहे. ‘महागाई आटोक्यात’ या वर्णनात देश बसतो की नाही असे न विचारता, तो किती प्रमाणात बसतो हे ते शून्य ते एकमध्ये सांगते. समजा, ५ टक्क्यांपर्यंत पूर्ण एक, २५ टक्क्यांना शून्य आणि मध्ये सरळ उतार धरला, तर वरच्या दोन देशांना ०.५०५ आणि ०.४९५ मिळतील. फरक जितका आहे तितकाच दिसेल. सगळ्या निकषांचे गुण एकत्र करताना चांगले रस्ते दाखवून भ्रष्टाचार झाकता येईल, ही शंका सरासरी काढली तरच खरी. झादे आणि रिचर्ड बेलमन यांनी १९७० मध्ये सुचवलेल्या रीतीत सर्व निकषांतले सर्वांत कमी मूल्य हाच निकाल असतो. वीसही निकषांना ती लावणे फार कठोर होईल, पण भ्रष्टाचारापुरती जरूर लावावी.

वजनदार आक्षेप वेगळा आहे. ठळक रेघ राजकारण्यांचे हात बांधते आणि उताराचा कोन मात्र हवा तसा वळवता येतो, असे म्हणतात. पण रेघ असूनही अंतिम निवड संचालक मंडळच करते, त्याला गुणपत्रिकेपलीकडची माहिती विचारात घेता येते, आणि त्याचे अध्यक्षपद परराष्ट्रमंत्र्यांकडे असते. म्हणजे हात तसेही फारसे बांधलेले नाहीत. उताराचे कोन आणि निकषांचे भार निवडीआधी जाहीर केले, तर उलट लपायला जागा कमी उरते. रेघेमुळे सुधारणेची ओढ लागते, हेही अर्धेच खरे. ती रेघेजवळच्या देशाला लागते. फार खाली असलेल्याला आशा नसते आणि सुखरूप वर असलेल्याला निकड नसते.

मात्र या गणिताकडून नको ती अपेक्षा करू नये. भ्रष्टाचाराचा निर्देशक जागतिक बँकेच्या सुशासन निर्देशकांवर आधारलेला आहे, आणि तेच आकडे त्रुटीच्या मर्यादेसह प्रसिद्ध होतात. मोजमापातली ही अनिश्चितता संख्याशास्त्राचा प्रश्न आहे. ‘चांगला कारभार’ या कल्पनेलाच स्पष्ट काठ नसणे हा दुसरा प्रश्न, आणि फझी रीत फक्त त्यालाच उत्तर देते. दोन्ही हिशेब वेगवेगळे ठेवायला हवेत. संस्थेच्या जुन्या गुणपत्रिका सार्वजनिक आहेत. त्यांवरच ही रीत चालवली, तर कोणते देश केवळ केसभर अंतराने आत-बाहेर झाले ते समोर येईल.