एक किलोचा उपग्रह

हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावात दिवेलागणीनंतर गच्चीवर उभे राहून तुम्ही कधी आकाश न्याहाळले आहे का? सुरैया, म्हणजे मराठीतील कृत्तिका, तुम्ही ओळखत असाल. कधी कधी ताऱ्यांमधून एक ठिपका न लुकलुकता संथपणे सरकत जातो. तो बहुधा माणसाने सोडलेला उपग्रह असतो. आपल्याकडे अंधार झाला तरी तेवढ्या उंचीवर अजून ऊन असते. म्हणून तो चमकतो.

असा एक उपग्रह महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांनी बनवला. त्याचे नाव 'स्वयम्'. लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी दहा सेंटिमीटर, वजन सुमारे एक किलो. तो नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, इतका लहान! हौशी रेडिओचालकांचे संदेश एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवावेत, यासाठी तो तयार केला होता.

संदेश नीट पोचायचा, तर उपग्रहाने गरगर फिरून चालत नाही. मग त्याला आवरायचे कसे? मोठ्या उपग्रहांत यासाठी विजेवर चालणारी यंत्रे असतात. एवढ्याशा डब्यात वीज थोडीच. विद्यार्थ्यांनी चुंबक वापरला. दोऱ्याने टांगलेला चुंबक दक्षिणोत्तर स्थिर होतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. होकायंत्र म्हणजे तुमचा कुतुबनुमा याच नियमाने चालतो. उपग्रहातील चुंबकही पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेला वळतो. पण सुई वळली की लगेच थांबत नाही, हेलकावे घेते. ते हेलकावे शमवण्यासाठी आत खास धातूच्या कांड्या बसवल्या होत्या. या सगळ्याला वीज मुळीच लागत नाही. मला तर ही युक्ती फार आवडते.

पुण्याच्या सीओईपी अभियांत्रिकी महाविद्यालयात २००८ साली हे काम सुरू झाले. उपग्रह आकाशात गेला २२ जून २०१६ रोजी. इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या प्रक्षेपकाने त्या दिवशी श्रीहरिकोट्याहून एकूण वीस उपग्रह नेले. आता हिशेब करा. अभियांत्रिकीचे शिक्षण चार वर्षांचे आणि काम आठ वर्षांचे! ज्यांनी पहिले आराखडे काढले, ते केव्हाच पदवी घेऊन बाहेर पडले होते. पुढच्या तुकडीने काम हाती घ्यायचे, शिकायचे आणि जाण्यापूर्वी धाकट्यांना शिकवायचे. मधली एक तुकडी जरी कंटाळली असती, तरी उपग्रह टेबलावरच राहिला असता.

मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा 'प्रथम' हा उपग्रहही त्याच वर्षी २६ सप्टेंबरला गेला. त्याचे संकेत टिपता यावेत, म्हणून त्यांनी इतर महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनाही जमिनीवरील केंद्रे उभारायला शिकवले. अमेरिकेत तर १९८० मध्येच विद्यार्थ्यांनी अवकाश संशोधनासाठी 'सेड्स' नावाची संघटना काढली. तिच्या शाखा आज भारतातील महाविद्यालयांतही आहेत.

शाळेत असे मंडळ काढायला उपग्रह लागत नाही. एक वही पुरते. सरकता ठिपका दिसला, की तारीख, वेळ आणि दिशा लिहायची. दहावीची मुले शाळा सोडतील, तेव्हा ती वही नववीच्या हाती द्यायची.