उशिरा येणारा हिशेब

‘द विचर ३’ (२०१५) या व्हिडिओ गेममधला ब्लडी बॅरन मनाला लागतो तो पर्याय भरपूर आहेत म्हणून नव्हे, परिणाम उशिरा समोर येतो म्हणून. खेळाडूने झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याला सोडलं तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात. पण गाव उद्ध्वस्त होतं, बॅरनची बायको ॲना मरते, बॅरन गळफास घेतो. आत्म्याला मारलं तर ॲना जगते, तीही भ्रमिष्ट होऊन, आणि पोरं जातात. ‘सगळं आधीच लिहिलेलं, मग निवड कसली?’ हा आक्षेप रास्त आहे. पण इथे ‘फेबल’ या गेमसारखी पापाची शिंगं डोक्यावर उगवत नाहीत, आणि चूक कळेपर्यंत जुना सेव्ह इतका मागे पडतो की परत फिरणं जिवावर येतं. (आळसही कथेच्या कामी येतो!) बॅरन दारुडा, बायकोला मारणारा, तरी त्याच्यासाठी जीव तुटतो, हे श्रेय मात्र निव्वळ लेखनाचं.