दिल्लीत एक दिवस, सावकाश

दिल्ली पाहायला गेलेली आपली माणसे एका दिवसात दहा ठिकाणे उरकतात आणि परतीच्या गाडीत बसल्यावर काय पाहिले ते आठवत नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब गेलो तेव्हा बेत वेगळा केला. बरोबर आई होती. बांधकामावर घमेली वाहून तिचे गुडघे गेलेले. म्हणून दिवसभरात दोनच ठिकाणे पाहायची ठरली.

सकाळी डबा घेऊन मेट्रोने दिल्ली गेटला उतरलो. तेथून फिरोजशाह कोटला जवळच. सुलतान फिरोजशाह तुघलकाने १३५४ साली वसवलेल्या शहराचा हा किल्ला. पडक्या भिंतींमध्ये उंच चौथऱ्यावर सम्राट अशोकाचा एकसंध दगडी स्तंभ उभा आहे. सुलतानाने तो आजच्या हरियाणातील टोपरा गावाहून आणवला. ४२ चाकांचा गाडा, एकेका चाकाला २०० माणसे आणि पुढे यमुनेतून नावा, असे अफीफ या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे.

आईने विचारले, "ओढणाऱ्यांची नावं लिहिलीत का रे?"

नाहीत. आम्ही गप्प झालो.

स्तंभावरची ब्राह्मी लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली. येथला सातवा लेख दुसऱ्या कोणत्याही स्तंभावर नाही. वाटसरूंसाठी व जनावरांसाठी रस्त्याकडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा बांधल्या, असे राजा त्यात सांगतो. मुलीने हे पुस्तकातून वाचून दाखवले तशी आई हसली. "मग बसा की सावलीत!"

डबा सोडून आम्ही दोन तास बसलो. भरदिवसा, हातात काम नसताना बसलेली आई आम्ही प्रथमच पाहिली.

दुपारनंतर काश्मिरी गेटला गाडी बदलून सिव्हिल लाइन्स, आणि २६, अलीपूर रोड. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले ते हे ठिकाण. २०१८ साली येथे संविधानाच्या ग्रंथाच्या आकाराचे स्मारक उभे राहिले. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यातील कामगारांना पगारी रजा देणारे विधेयक त्यांनी मांडले व १९४५ साली तसा कायदा झाला.

आमच्या रजेचे मूळ आम्हाला येथे आठवले. बिगारी करणाऱ्या आईला मात्र तशी रजा कधीच मिळाली नाही.

लाल किल्ला राहिला, कुतुबमिनारही राहिला. त्याची खंत नाही. बंधू-भगिनींनो, रजा मिळेल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघा. आणि त्यांच्या चालीने चाला.