सर्व्हर आत, पत्ता बाहेर

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस या दोन अभियंत्यांनी इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत १६३१ क्रमांकाचं एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध केलं. इंटरनेटवरचे पत्ते संपत चालले होते आणि कायमचा उपाय तयार व्हायला वेळ लागणार होता. तोवर निभावून नेण्याची सोय, एवढंच त्या टिपणाचं म्हणणं होतं. तीस वर्षं उलटून गेली तरी घरचा वायफाय राउटर, बँकेचं डेटा सेंटर आणि मोबाइल कंपन्यांची जाळी या सोयीवरच चालतात. तिचं नाव नेटवर्क अ‍ॅड्रेस ट्रान्सलेशन, अर्थात ‘नॅट’.

आयपीव्ही४ या पद्धतीत पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यातून जास्तीत जास्त ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ पत्ते निघतात. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे पाच गट वाटून संपले. त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिक विभागाची ‘एपनिक’ ही संस्था आपल्या अखेरच्या गटावर आली आणि तेव्हापासून पत्ते मोजूनमापून मिळू लागले.

नॅटची युक्ती साधी आहे. १०., १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कुणीही आपल्या जाळ्यात वापरावेत, पण खुल्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. आतल्या संगणकाची माहितीची पुडकी बाहेर पडताना राउटर त्यांच्यावरचा खासगी पत्ता पुसून स्वतःचा सार्वजनिक पत्ता घालतो, सोबत एक पोर्ट क्रमांक देतो आणि ही जोडी आपल्या तक्त्यात नोंदवतो. उत्तर आलं की तक्ता बघून ते योग्य संगणकाकडे वळवतो. पोर्ट क्रमांक १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ शक्यतांचा असल्यामुळे एका पत्त्यावर अख्खं कार्यालय सहज चालतं.

सर्व्हरच्या बाबतीत मात्र गणित उलटं होतं. तिथे पहिली हाक बाहेरून येते आणि तक्त्यात तिची नोंदच नसते. ती नोंद माणसाला हाताने करून ठेवावी लागते.

समजा, एका महाविद्यालयाला ग्रंथालयाची सूची सर्वांसाठी खुली करायची आहे. सर्व्हरचा आतला पत्ता १९२.१६८.५०.१०, बाहेरचा २०३.०.११३.१० आणि मध्ये एकामागे एक अशा दोन फायरवॉल, म्हणजे ये-जा तपासणाऱ्या यंत्रणा. इथे पहिला निर्णय असा, की पत्ता बदलण्याचं काम बाहेरच्या फायरवॉलवर एकदाच करायचं आणि आतलीने फक्त तपासणी करायची. दोन्हीकडे नॅट लावलं की बिघाड नेमका कुठे आहे ते शोधताना जीव मेटाकुटीला येतो.

त्यानंतरचा प्रश्न क्रमाचा. लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेरून आलेल्या पुडक्याचा पत्ता आधी बदलतो, परवानगीचा नियम नंतर तपासला जातो. म्हणून नियमात आतलाच पत्ता लिहावा लागतो. बाहेरचा लिहिला तर नियम कधीच लागू होत नाही. सिस्कोच्या एएसए फायरवॉलवर जुन्या आवृत्त्यांत बाहेरचा पत्ता लिहायची पद्धत होती. २०१० च्या ८.३ आवृत्तीपासून तिथेही आतला पत्ता आला. जुनी टिपणं बघून नवं यंत्र बसवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो परतीचा रस्ता. एखाद्या विद्यार्थ्याने ग्रंथालयाच्याच जाळ्यातल्या १९२.१६८.५०.२० या संगणकावरून सूचीचा बाहेरचा पत्ता उघडला, तर फायरवॉल ती विनंती वळवून सर्व्हरकडे देते. सर्व्हरला विद्यार्थ्याचा संगणक शेजारीच दिसतो, म्हणून तो फायरवॉलला वगळून थेट उत्तर देतो. संगणक २०३.०.११३.१० च्या उत्तराची वाट पाहत असतो. १९२.१६८.५०.१० कडून काही मागितल्याची त्याला नोंदच सापडत नाही आणि तो ते उत्तर फेकून देतो. बाहेरच्या जगाला सूची दिसते, ग्रंथालयात बसलेल्याला दिसत नाही! सर्व्हरवर ‘टीसीपीडंप’ हा येणारी-जाणारी पुडकी दाखवणारा प्रोग्रॅम चालवला की विनंती येताना आणि उत्तर जाताना स्पष्ट दिसतं. स्वच्छ उपाय म्हणजे आतल्या डीएनएसने, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेने, सूचीच्या नावाचा आतलाच पत्ता सांगावा.

येणाऱ्याचा पत्ताही बदलून सगळी उत्तरं फायरवॉलकडे ओढून घेणं, हा दुसरा उपाय. तो चालतो, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये प्रत्येक अभ्यागताच्या जागी फायरवॉलचाच पत्ता उमटतो. केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपावे लागतात. त्यात खरा पत्ताच नसेल तर हल्ल्याचा माग काढताना ते फारसे उपयोगी पडत नाहीत.

घरगुती जोडणीवर तर सर्व्हर उघडणं बरेचदा शक्यच नसतं. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर सेवा देणारी कंपनीही वर आणखी एक नॅट चालवते आहे असं समजावं. हा पट्टा २०१२ मध्ये त्यासाठीच राखला गेला. अशा वेळी आपल्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी उपयोग होत नाही. ज्या आयपीव्ही६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा आहे, तिथे ही कसरत उरत नाही, आणि नवा सर्व्हर उभारणाऱ्याने तो पत्ता पहिल्या दिवसापासून घ्यावा.

नॅट असलं की सुरक्षा आपोआप आली, हा समज मात्र टाकून द्यायला हवा. नॅट पत्ता बदलतं. कुणाला आत घ्यायचं ते फायरवॉलचे नियम ठरवतात. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे आणि राउटर कारखान्यातल्या मूळ पासवर्डनेच ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्या फौजेने ‘डाइन’ या डीएनएस कंपनीवर हल्ला चढवून ट्विटरसारखी संकेतस्थळं कित्येक तास विस्कळीत केली. घरी किंवा दुकानात सीसीटीव्ही लावताना मोबाइलवर चित्र दिसावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवला असेल, तर या आठवड्यात पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडून पाहा. नको ती नोंद काढून टाका, उपकरणांना परस्पर पोर्ट उघडू देणारी ‘यूपीएनपी’ ही सोय बंद करा आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला.