पाच एकराला ट्रॅक्टर केवढा?

मंडळी, आपल्यापैकी काही कुटुंबे हल्ली गर्दीच्या उपनगरातून उठून हंटर्डन किंवा सॉमरसेट काउंटीच्या बाजूला मोठ्या जागेवर राहायला गेली आहेत. जागा घेताना बहुतेकांच्या डोक्यात पाचसहा एकरांचा आकडा असतो, त्यामागे आपल्या राज्याचा कायदा आहे. न्यू जर्सीच्या १९६४ च्या कायद्यानुसार मालमत्ता करात शेतजमिनीची सवलत हवी असेल तर घर आणि अंगण सोडून किमान ५ एकर जमीन सलग दोन वर्षे शेतीच्या वापरात असावी लागते. शिवाय २०१५ च्या करवर्षापासून पहिल्या ५ एकरांवर वर्षाला निदान १,००० डॉलरची विक्री दाखवावी लागते. एकदा ५ एकर पदरात पडले, म्हणजे आपल्या हिशेबाने २०० गुंठे, की पहिल्या उन्हाळ्यातच प्रश्न उभा राहतो: गवत कापायच्या साध्या यंत्राने हे आवरणार नाही, ट्रॅक्टर घ्यायचा, पण केवढा?

मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी हा विषय इतक्यांदा निघतो की शेवटी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आम्ही पेशाने रसायनशास्त्रज्ञ, शेतकरी नव्हे. त्यामुळे जे मोजता येते ते मोजायचे, एवढीच आमची पद्धत.

गावाकडचा हिशेब इथे चालत नाही

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो ४०-४५ हॉर्सपॉवरचा. तो नांगरटीला, रोटाव्हेटरला, उसाच्या ट्रॉलीला लागतो आणि उरलेल्या दिवसांत भाड्याने गावभर फिरतो. म्हणून फोनवर वडीलधाऱ्यांना '२३ हॉर्सपॉवरचा बघतोय' असे सांगितले की 'एवढुशाने काय होणार?' असे उत्तर येते. त्यांचे त्यांच्या जागी बरोबर आहे. पण इथल्या पाच एकरांवरची कामे वेगळी आहेत. मे ते ऑक्टोबर गवत, हिवाळ्यात बर्फ, वसंतात मल्च आणि माती वाहणे, खडीचा ड्राइव्हवे सारखा करणे आणि भाजीपाल्याचा एखादा वाफा. नांगरटीचे काम जवळजवळ नाहीच. म्हणून आधी कामांची यादी करावी आणि हॉर्सपॉवर मागाहून पाहावी.

बाजारात ढोबळमानाने दोन गट आहेत. सब-कॉम्पॅक्ट म्हणजे साधारण १८ ते २५ हॉर्सपॉवर, वजन दीड हजार पौंडांच्या आसपास. त्यापुढे कॉम्पॅक्ट, २५ ते ५०-६० हॉर्सपॉवरपर्यंत. यातला ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर लोडरसकट चार हजार पौंडांच्या घरात सहज जातो. कुबोटा, जॉन डीअर, मॅसी फर्ग्युसन यांची दोन्ही गटांत मॉडेले आहेत. आपला महिंद्रही १९९४ पासून अमेरिकेत ट्रॅक्टर विकतो आहे. दुकानात तो लाल रंग दिसला की मन हलते हे खरे, पण जवळच्या डीलरकडे दुरुस्तीची सोय कशी आहे हे रंगाआधी पाहावे.

गवताचे गणित

समजा पाचपैकी ३ एकर गवत आहे आणि ट्रॅक्टर ताशी ४ मैल चालतो. वळणे आणि पट्ट्यांची थोडी सरमिसळ धरून वीस टक्के वजा करू. ४ फुटी पाते असेल तर ३ एकरांना १ तास ५६ मिनिटे लागतात. ५ फुटीला १ तास ३३ मिनिटे. ६ फुटीला १ तास १७ मिनिटे. चारवरून पाचावर गेले की २३ मिनिटे वाचतात, पाचावरून सहावर गेले की १६. मात्र ६ फुटी पात्यासाठी बहुधा पुढच्या गटातला ट्रॅक्टर घ्यावा लागतो. शिवाय रुंद पाते झाडांच्या मधून आणि कुंपणाच्या फाटकातून जात नाही. तेव्हा नुसत्या गवतासाठी मोठ्या ट्रॅक्टरकडे जाऊ नये, असा आमचा निष्कर्ष.

उंच वाढलेले, काटेरी झुडपांचे रान साफ करायचे असेल तर मात्र गोष्ट बदलते. तिथे रोटरी कटर लागतो आणि त्याचा ढोबळ नियम असा, की दर फूट रुंदीला पीटीओवर ५ हॉर्सपॉवर हवी. इथे एक गोम आहे. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला आकडा इंजिनाचा असतो. मागच्या पीटीओ शाफ्टपर्यंत त्याहून कमी ताकद पोचते. इंजिन २३-२४ चे असेल तर पीटीओवर १८ च्या आसपास मिळतात. म्हणजे ४ फुटी कटरसुद्धा दाट रानात दमतो आणि हळू चालवावा लागतो. ५ फुटी कटर नीट चालवायचा तर पीटीओवर २५, म्हणजे इंजिन ३०-३५ चे हवे. ज्यांच्या जागेत दोन एकर पडीक रान आहे त्यांनी मोठ्या गटाकडे जरूर पाहावे. एकदाच साफ करायचे असेल तर ते काम भाड्याने करून घेणे स्वस्त पडते.

उचलायचे किती?

हॉर्सपॉवरपेक्षा लोडरची क्षमता पुष्कळदा जास्त महत्त्वाची ठरते. सब-कॉम्पॅक्टचे लोडर पूर्ण उंचीपर्यंत साधारण ५०० ते ९०० पौंड उचलतात. बादलीत पाचसहा घनफूट खडी मावते, तिचे वजन ५००-६०० पौंड होते. म्हणजे मल्च, माती, खडी, बर्फ यांना हा लोडर पुरतो, फेऱ्या चार जास्त होतील इतकेच. पण ज्यांच्याकडे पेलेटची शेगडी आहे त्यांच्याकडे येणारे एक पॅलेट म्हणजे ४० पौंडांच्या ५० पिशव्या, एकूण २,००० पौंड. ते अख्खे उचलायचे तर बराच मोठा कॉम्पॅक्ट लागेल. नाहीतर पिशव्या हाताने उतरवाव्यात, तेवढाच व्यायाम.

पुढे वजन उचलले की मागचा भाग हलका होतो आणि ट्रॅक्टर डळमळतो. म्हणून मागे प्रतिभार हवाच. थ्री-पॉइंट हिचवर वजनाची पेटी लावता येते किंवा मागच्या टायरात द्रव भरतात. नुसते पाणी हिवाळ्यात गोठेल. कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण जड आणि स्वस्त असते, पण गळती झाली की लोखंडी रिम खाऊन टाकते. एथिलीन ग्लायकॉल विषारी, कुत्र्या-मांजरांच्या घरात नकोच. बिटाच्या रसापासून केलेले द्रव मिळते. ते पाण्यापेक्षा जड असते, कडाक्याच्या थंडीत टिकते आणि रिम गंजवत नाही. किंमत जास्त आहे, तरी आमची पसंती त्याला.

पंचवीसची लक्ष्मणरेषा

बऱ्याच कंपन्यांचे ट्रॅक्टर २४.५ किंवा २४.७ हॉर्सपॉवरवर येऊन का थांबतात, असे आम्हाला विचारले जाते. उत्तर धुरात आहे. २०१३ पासून लागू असलेल्या अमेरिकी नियमांत १९ किलोवॅट, म्हणजे सुमारे २५ हॉर्सपॉवर, आणि त्यावरच्या डिझेल इंजिनांना काजळीची मर्यादा दर किलोवॅट-तासाला ०.०३ ग्रॅम आहे. त्याखालच्यांना ती ०.४० ग्रॅम. तेरापट फरक! ही मर्यादा पाळण्यासाठी बहुतेक मोठ्या इंजिनांना काजळी अडवणारा फिल्टर बसवतात. फिल्टर भरला की त्याचे तापमान सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत चढवून काजळी जाळतात, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. रसायनशास्त्र म्हणून सुंदर आहे. पण ज्याचा ट्रॅक्टर दर खेपेला वीस मिनिटेच चालतो त्याचे इंजिन नीट तापत नाही, फिल्टर लवकर तुंबतो आणि तो जाळून साफ करण्यासाठी काम थांबवून बसावे लागते. काम थोडे आणि तुटक असेल तर पंचविशीच्या आत राहणे सोयीचे. हवेच्या दृष्टीने मात्र मोठे इंजिन जास्त स्वच्छ, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

जमीन काय म्हणते

आपल्या भागात उतार आहेत आणि लाल शेलची चिकट माती आहे. ओल्या मातीवर जड ट्रॅक्टर फिरवला की ती दबून घट्ट होते आणि पाणी मुरत नाही. गावाबाहेरच्या घरांना सेप्टिक टाकी असते. तिच्यावरून आणि तिच्या पाझरक्षेत्रावरून ट्रॅक्टर नेऊच नये. खरेदीआधी त्यांच्या जागा खुंट्या ठोकून दाखवून घ्याव्यात. गॅरेजचे दार बहुधा ७ फूट उंच असते. चालकामागची संरक्षक कमान दुमडल्याशिवाय ट्रॅक्टर आत जाईल का, तेही मोजावे.

ही कमान फक्त गॅरेजात शिरतानाच दुमडायची. अमेरिकेतल्या शेतांवर सर्वाधिक मृत्यू ट्रॅक्टर उलटल्याने होतात. १९८५ पासून इथले उत्पादक २० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कमान आणि पट्टा देत आले आहेत. स्वस्तात जुना ट्रॅक्टर मिळाला आणि त्याला कमान नसेल तर ती बसवून मगच चालवावा. उताराला आडवे जाऊ नये, भरलेली बादली जमिनीलगत ठेवावी. झाडाचा बुंधा ओढायचा तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला बांधावी. वर बांधली तर पुढची चाके उचलली जातात आणि एका सेकंदाच्या आत सारे हाताबाहेर जाते. पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० वेळा, म्हणजे सेकंदाला ९ वेळा फिरतो. ओढणी, पदर, सैल कुडता, शालीचे टोक त्यात अडकले तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने. भारतातून आजी-आजोबा येतात, ट्रॅक्टर पाहून हरखतात, नातवाला मांडीवर घेऊन एक चक्कर मारा म्हणतात. गावाकडे मडगार्डवर बसूनच आपण शेतावर गेलो, हे आम्हालाही आठवते. पण सीट एक, पट्टा एक, तर माणूसही एकच. फोटो काढायचा तर इंजिन बंद करून, किल्ली खिशात टाकून काढावा. इथे मोठ्यांचा मान राखूनही 'नाही' म्हणायला शिकले पाहिजे.

तर मग केवढा घ्यावा?

५ एकरांपर्यंत, बहुतेक गवत, थोडा बर्फ, थोडी बाग: सब-कॉम्पॅक्ट, ५ फुटी पाते, हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन. यात क्लच दाबून गिअर बदलावे लागत नाहीत, घरातल्या सर्वांना शिकणे सोपे जाते. ५ ते १० एकर, रान साफ करायचे, जड वस्तू उचलायच्या: ३०-३५ चा कॉम्पॅक्ट. त्याहून मोठा फक्त सुक्याचारा करणाऱ्यांनी किंवा गंभीरपणे शेती करणाऱ्यांनी पाहावा. लोडरसह नवा सब-कॉम्पॅक्टसुद्धा आज वीस हजार डॉलर किंवा त्याहून जास्तच मागतो. बिनव्याजी हप्त्याच्या मोहात एक आकार वर जाण्याआधी रोखीचा भाव विचारावा, आणि पाते, कटर, टिलर धरून पूर्ण बेरीज करावी. डीलरला ट्रॅक्टर आपल्या जागेवर आणून दाखवायला सांगावे, आणि दुकानाच्या सपाट डांबरावर नव्हे तर आपल्या सर्वांत चढाच्या जागी चालवून पाहावा.

शेवटी मंडळाच्या कामाचे. टिलर वर्षातून दोन दिवस लागतो, बॉक्स ब्लेड चार दिवस. प्रत्येक घरी एकेक घेऊन गंजवण्यात काय हशील? आपल्याकडे सावड आणि इर्जिक होतेच. जवळ राहणाऱ्या तीनचार कुटुंबांनी एकाच आकाराची हिच असलेले ट्रॅक्टर घेतले तर अवजारे वाटून वापरता येतील. त्याआधी प्रत्येकाने आपल्या विमा कंपनीला विचारून घ्यावे. ज्यांना यात भाग घ्यायचा असेल त्यांनी पुढच्या कार्यक्रमात आम्हाला भेटावे. येताना आपल्या जागेचा साधा नकाशा आणावा, आणि त्यावर उतार, टाकी व फाटकाची रुंदी लिहिलेली असावी.